मोठ्या हॉलसाठी एसी घेताना: मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा आणि थंडीचा हिशोब

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "खोली किती बाय किती?" तुम्ही पंचवीस बाय सोळा म्हणता. समोरचा मनात भागाकार करतो आणि "तीन टन लागेल साहेब" म्हणून मोकळा होतो. वर स्लॅब आहे की पत्रा, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, खोलीत चार माणसं बसणार की चाळीस पोरं, हे कुणी विचारत नाही. लहान बेडरूमला असा अंदाज चालून जातो, कारण तिथं चुकून चुकणार किती, अर्धा टन. पण चारशे चौरस फुटांचा हॉल, अभ्यासिका किंवा क्लासची खोली असली की मशीन, वायरिंग आणि महिन्याचं बिल, तिन्ही ठिकाणी फटका बसतो. आणि मे महिन्यात पारा ४२-४४ वर गेला की ते मशीन दिवसभर ढणाढणा चालूनही खोली २९ च्या खाली येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी खोलीचं बघा, मग मशीनचं.

कूलरनं भागतंय का, हे पहिल्यांदा तपासा

आपल्याकडचं ऊन कोरडं आहे, आणि कोरड्या उन्हात कूलर खरोखर चांगलं काम करतो. परभणी-नांदेडकडं भर मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना चांगली जाळी लावलेला मोठा देशी कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो, तीही एसीच्या दहाव्या हिश्श्याच्या विजेत. एसीवाले हे सांगणार नाहीत, पण ते खरं आहे. खिडकी मोठी असेल, हवा बाहेर जायला समोर वाट असेल आणि टाकीत पाणी असेल तर लाखभर रुपये घालवायची घाई करू नका.

घोडं अडतं ते पाण्यावर. मोठा कूलर दिवसभर चालला की शंभर लिटर पाणी सहज पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. आजही कित्येक गावांत उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. विकतच्या टँकरचं पाणी कूलरमध्ये ओतायचं असेल तर 'स्वस्त' कूलरचा हिशोब नव्यानं मांडावा लागतो. शिवाय बोअरच्या जड पाण्यानं जाळीवर पांढरा थर चढतो तो वेगळाच. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. पाणी पुरत नसेल, पावसाळ्यातही खोली वापरायची असेल किंवा खोलीत कागदपत्रं, पुस्तकं, कॉम्प्युटर असतील, तर मग एसीकडं वळायला हरकत नाही.

खोलीचा भार कागदावर मांडा

एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, म्हणजे तेवढी उष्णता सतत खोलीतून उपसून बाहेर टाकायची ताकद. तेव्हा खोलीत किती वॅट उष्णता शिरते ते काढायचं आणि ३,५०० नं भागायचं. आकडे ढोबळ असले तरी चालतील, पण ते आपल्या खोलीचे पाहिजेत.

उदाहरणाला वरच्या मजल्यावरचा हॉल घेऊ. पंचवीस बाय सोळा, उंची अकरा फूट. वर उघडी गच्ची, साधा आरसीसी स्लॅब, त्यावर काही नाही. सोळा फुटांची भिंत पश्चिमेला, पंचवीस फुटांची दक्षिणेला, दोन्ही नऊ इंची विटांच्या. पश्चिमेला चार बाय चारच्या दोन खिडक्या. घरात सहा माणसं.

सगळ्यात मोठा चोर वर बसलाय. दुपारी तापलेला स्लॅब एकटाच ३,५०० वॅटच्या आसपास उष्णता खाली ढकलतो, म्हणजे अख्खा एक टन, आणि रात्री दहापर्यंत ढकलत राहतो. चारही भिंती आणि खालच्या खोलीकडून येणारी उष्णता मिळून ३,००० धरा. पश्चिमेच्या खिडक्यांचे ९००. दाराच्या फटी, वर्दळ, गळणारी हवा यांचे ७५०. माणूस बसल्या जागी साधारण ११० वॅट देतो, सहा जणांचे साडेसहाशे. टीव्ही, दिवे, पंखे, राऊटर वगैरे ३५०. बेरीज ९,१५०, म्हणजे २.६ टन. त्यात उन्हाळी घट मिळवली, तिच्याबद्दल पुढं सांगतो, की तीन टनाला जाऊन टेकतं. दुकानदाराचा अंदाज या खोलीपुरता बरोबर निघाला म्हणायचा. पण हीच खोली खालच्या मजल्यावर असती, वर दुसऱ्याचं घर असतं, तर दोन टनांत काम झालं असतं. त्याचा भागाकार मात्र तोच राहिला असता.

क्लास आणि अभ्यासिकांचं गणित निराळं. लातूर, नांदेड, संभाजीनगरला चारशे फुटांत चाळीस पोरं बसतात. त्यांचेच ४,४०० वॅट, म्हणजे सव्वा टन. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती हवा फिरवून थंड करतो. दारंखिडक्या बंद करून चाळीस जण बसले की तासाभरात पेंग येते, डोकं जड होतं, आणि दोष अभ्यासाला दिला जातो. तिथं ताज्या हवेचा पंखा बसवावाच लागतो. मे महिन्यात बाहेरून आत घेतलेली ती तापलेली हवा थंड करायला पुन्हा टनभर, सव्वा टन लागतं. म्हणजे क्लासच्या खोलीला घरच्या हॉलपेक्षा दोन-अडीच टन जास्त. हे आधी धरलं नाही तर नंतर तिसरं मशीन भिंतीवर चढतं.

पहिला खर्च गच्चीवर

वरच्या उदाहरणात ३,५०० वॅट स्लॅबचे आहेत. ते निम्म्यावर आणता येतात, आणि त्याला येणारा खर्च एका जादा मशीनपेक्षा कमीच असतो.

स्वस्तात काम करायचं तर पांढरा उष्णतारोधक रंग. त्याहून स्वस्त म्हणजे चुना, थोडा फेविकॉल मिसळून, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हात. एवढंच की पांढरेपणा टिकला तर गुण टिकतो. आपल्याकडं उन्हाळ्यात धुळीचा थर बसतो, तेव्हा पंधरा दिवसांनी गच्ची झाडून काढा. टिकाऊ काम हवं असेल तर वॉटरप्रूफिंग करताना थर्मोकोलसारख्या दाट शीटचा थर खाली आणि वर पांढरी चायना मोझॅक. गच्चीवर चार-पाच फूट उंचीवर ग्रीन नेट ताणली तरी फरक पडतो, फक्त वळवाच्या वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या गच्चीवर जाणार नाही अशी बांधा. पत्र्याच्या शेडवर आपल्याकडं कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या टाकतात तेही शास्त्राला धरूनच आहे. पण त्याखाली वायरिंग असेल तर आगीची भीती असते. पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून फॉल्स सीलिंग केलेलं बरं.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली पाहिजे. आतला पडदा काच तापल्यावर कामाला येतो, बाहेरची बांबूची चिक किंवा ताडपत्री ऊन काचेपर्यंत येऊच देत नाही. हे दोन्ही केलं की आपल्या उदाहरणातला हॉल ९,१५० वरून ७,००० वर येतो. म्हणजे दोन टन, आणि उन्हाळी घट धरून सव्वादोनच्या आसपास. तीनऐवजी अडीच टनाची मशीनं पुरतात, आणि बिलातला फरक दरवर्षी मिळतो.

जुन्या माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. मातीचं छत आणि दोन-अडीच फुटी भिंती दिवसाचं ऊन आत येऊ देत नाहीत. त्यांना टन कमी लागतो. त्यांची अडचण मशीन टांगायची आहे, ती पुढं बघू.

एक मोठं की दोन लहान

मोठ्या खोलीसाठी माझा कौल दोन मशीनांना. भिंतीवरचे घरगुती स्प्लिट साधारण दोन टनांपर्यंत सहज मिळतात. त्याच्या वर गेलात की छतात बसणारी कॅसेट किंवा जमिनीवर उभा राहणारा टॉवर.

कॅसेट चारही बाजूंनी हवा सोडते, दिसायलाही छान, पण स्लॅबखाली फूटभर पोकळी लागते आणि पाणी वर उचलायचा पंप असतो, तो बंद पडला की छतातून गळती. दहा-अकरा फुटांच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंग करून ती बसवायची म्हणजे सोनाराकडून कुलूप करून घेण्यासारखं. लग्नाचा हॉल किंवा शोरूम असेल तर गोष्ट वेगळी. टॉवर एसी जागा अडवतो आणि समोरच्या दोन खुर्च्यांवरच्या माणसांना गारठवतो.

दोन मशीनांचा फायदा मेमध्ये कळतो तसा ऑगस्टमध्येही कळतो. मेमध्ये एक बिघडलं तर दुसरं निदान बसण्यापुरती खोली राखतं, कारण भर हंगामात मिस्त्री तीन-चार दिवस मिळत नाही. आणि पावसाळ्यात भार निम्म्यावर आला की एकच चालवायचं. गरजेपेक्षा मोठं मशीन पावसाळ्यात पाच मिनिटांत तापमान गाठून मंदावतं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर राहते, कपाटाला बुरशी धरते. "थोडा मोठाच घ्या, बरा असतो" हा सल्ला म्हणूनच फसवा आहे.

आपल्या उदाहरणात स्लॅब सुधारल्यावर दीड अधिक एक. पंचवीस फुटांच्या आतल्या भिंतीवर साधारण एक तृतीयांश अंतरावर एकेक बसवलं की हवा सारखी पसरते, आणि वर छताचा पंखा दोनवर ठेवला की कोपराही सुटत नाही. हवेचा झोत थेट दारावर किंवा म्हाताऱ्या माणसाच्या पलंगावर येणार नाही एवढं बघा.

थंडीसाठी हॉट अँड कोल्ड घ्यावा का

परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या कृषी विद्यापीठात नोंदलेलं किमान तापमान काही वर्षी पाच अंशांच्याही खाली गेलेलं आहे. उन्हाळ्यात भट्टी होणारा तोच उघडा स्लॅब पहाटे बर्फ होतो.

हॉट अँड कोल्ड मशीन म्हणजे तोच एसी, फक्त आत एक झडप असते ती गॅसची दिशा उलटी करते. मग तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतो. कॉइलचा दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट जाळून दोन युनिटांची ऊब देतो. आपल्याकडच्या थंडीत हे मशीन तेवढीच ऊब पाऊण युनिटाच्या आत देतं. बाहेर शून्याच्या आसपास गेलं की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरून त्याची ताकद घटते, पण तो प्रश्न काश्मीर-हिमाचलचा, आपला नाही.

तरीही दोन्ही मशीनं हॉट अँड कोल्ड घेऊ नका. आपली खरी थंडी सहा-आठ आठवड्यांची, तीही रात्री आणि सकाळी. बाहेर आठ अंश असताना आत २१ ठेवायला उदाहरणातल्या हॉलला साडेतीन-चार किलोवॅट पुरतात, म्हणजे एकच दीड टनी मशीन काम भागवतं. तेव्हा दोघांतलं दीड टनी हॉट अँड कोल्ड, दुसरं साधं. घरात तान्हं बाळ, दम्याचा त्रास किंवा संधिवात असलेलं माणूस असेल तर हा जादा खर्च सार्थ आहे, नसेल तर गोधडी आहेच. हे मॉडेल आपल्या भागातल्या दुकानात सहसा पडून नसतं, उत्तरेकडं जास्त खपतं, त्यामुळं मागवावं लागतं. मागवण्याआधी त्याचा सर्किट बोर्ड आणि ती झडप जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच विचारा.

गरम हवा वर जाते, म्हणून हीटिंगवर झोताच्या पट्ट्या पूर्ण खाली वळवा आणि छताचा पंखा अगदी हळू चालू द्या.

लेबल कसं वाचायचं

'दीड टन' हे खोक्यावरचं नाव आहे. मशीनवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर कूलिंग कपॅसिटी, म्हणजे थंड करायची क्षमता, वॅटमध्ये लिहिलेली असते, ती बघा. खरा दीड टन म्हणजे सुमारे ५,२५० वॅट. पण त्याच नावानं विकलं जाणारं एखादं मशीन ४,८०० चंही असतं. भाव ठरवताना दोन मशीनांची तुलना वॅटवर करा.

आता ती उन्हाळी घट. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडं मेमध्ये सावलीतच ४३, आणि तापलेल्या गच्चीवर आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट, ठेवलं तर ते ४८-५० अंशांची हवा ओढतं. तेव्हा क्षमता दहा-पंधरा टक्के घटते आणि वीज जास्त लागते. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात ४६ किंवा ४८ अंशांची क्षमता वेगळी छापतात. ती छापलेली नसेल तर मागा.

तारे आयसीर या आकड्यावरून ठरतात, म्हणजे हंगामभरात खाल्लेल्या विजेमागं मशीन किती थंडावा देतं त्यावरून. तो काढताना वर्षाला १,६०० तास आणि २४ ते ४३ अंशांचं तापमान धरतात, त्यातले बरेच तास सौम्य असतात. म्हणून लेबलवरची वार्षिक युनिटं तुमच्या मे महिन्याच्या बिलाशी जुळणार नाहीत, पण दोन मशीनांची आपसात तुलना करायला तो आकडा उत्तम. लेबलचं वर्षही बघा. नियम कडक होत जातात, जुन्या वर्षाचा पंचतारांकित माल नव्या मोजमापात चारचा निघतो. वर्षाला तीनच महिने, तेही रात्रीपुरता एसी लागणार असेल तर तीन तारे पुरेत. अभ्यासिका सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चालत असेल तर पाच ताऱ्यांखाली बघूच नका.

कॉइल तांब्याचीच घ्या. गॅस आर-३२ किंवा आर-२९० असतो. दोन्ही ज्वलनशील आहेत, पहिला कमी, दुसरा जास्त. त्यामुळं गॅस भरणारा माणूस त्यात तयार झालेला हवा, आणि जोडणी चालू असताना जवळ बिडी पेटलेली नको.

वीज

दीड आणि एक टनाची जोडी भर उन्हात तीन किलोवॅटपर्यंत ओढते. बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडं आधी वाढवून घ्या. प्रत्येक मशीनला बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. गिझरच्या सॉकेटवर एसी नको.

अर्थिंगकडं कुणी बघत नाही. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. आठवड्याला बादलीभर पाणी ओता किंवा केमिकल अर्थिंग करा.

संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं अशा गावात 'स्टॅबिलायझर लागत नाही' या जाहिरातीवर जाऊ नका. मशीन कितीपासून कितीपर्यंत व्होल्टेज झेलतं ते माहितीपत्रकात असतं. तुमचं व्होल्टेज आठवडाभर मीटरनं बघा आणि मग ठरवा.

घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढं अशा टप्प्यांत चढतात. जोडी रोज आठ तास चालली की महिन्याला तीनशे-चारशे युनिटं वाढतात, आणि ती वरच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून बचतीचा हिशोब सरासरी दरानं न करता वरच्या टप्प्याच्या दरानं करा. गच्ची मोकळी असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते घरगुती ग्राहकांना. पॅनलची सावली स्लॅबवर पडते, हा वरचा नफा.

बसवताना समोर उभं राहा

चांगलं मशीन वाईट बसवलं तर ते वाईटच. आउटडोअर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मागं फूटभर आणि पुढं चार-पाच फूट मोकळी जागा. बंद बाल्कनीत ठेवलं तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. काळ्या मातीवर नुसतं स्टँड ठेवू नका. पावसाळ्यात ती जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मशीन कलतं आणि पाइपाच्या जोडाला ताण येतो. खाली काँक्रीटचा ओटा करा. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत, तिथंही ओटाच. इनडोअरची पट्टी अशा भिंतीवर लाकडी फळी आरपार बोल्टनं आवळून तिच्यावर ठोका.

आता सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं. पाइप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल काढायची असते. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो. घाईतला मिस्त्री काय करतो, तर आउटडोअरच्या झडपेला ॲलन की लावून पाव फेरा फिरवतो, दुसऱ्या टोकाचा नट ढिला करतो, सूं असा आवाज येतो, नट आवळतो आणि म्हणतो "झालं". म्हणजे मशीनमधलाच गॅस सोडून हवा ढकलली. थोडी हवा आणि सगळी ओल आतच राहते, आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर त्याची किंमत वसूल करतो. बुकिंग करतानाच सांगा की पंप आणला नाही तर काम सुरू करायचं नाही. पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग बंद करून दहा मिनिटं गेजच्या काट्याकडं बघत बसा. काटा हलला तर गळती आहे, जोड पुन्हा करायला लावा. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस.

सोबत येणारा पाइप साधारण तीन मीटरचा असतो, वरचा मीटरवर विकत. तो भाव आधी ठरवा, वाद इथंच होतात. उन्हात पाइपावरची काळी फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होते आणि उंदीर-खारी ती कुरतडतात, म्हणून वरून पीव्हीसीची नळी घाला. ड्रेनला सगळीकडं उतार हवा. ते पाणी क्षारमुक्त असतं, मेमध्ये थोडं, जुलैत बादलीनं. कुंड्यांना घाला.

देखभाल

फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. आउटडोअरची कॉइल वर्षातून दोनदा साध्या पाण्यानं, जोराच्या फवाऱ्यानं नाही, पत्र्या वाकतात. जिनिंगजवळ राहात असाल तर कापसाचा तंतू गोधडीसारखा चिकटतो. साखर कारखान्याजवळ गळीत हंगामात काजळी बसते. या दोन्ही ठिकाणी मार्चमध्ये एक जादा धुलाई. आउटडोअरच्या बोर्डाच्या डब्यात पाल शिरून शॉर्ट होणं ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे, वायर शिरते तिथली फट सिलिकॉननं बुजवून घ्या.

रिमोटवर २६ आणि पंखा दोनवर. एका अंशामागं सुमारे सहा टक्के वीज वाचते. नवं मशीन मार्चमध्येच चार-पाच तास सलग चालवून बघा. काही खोट असेल तर तेव्हा मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतो, मेमध्ये फोनही उचलत नाही.